चाकांवरचा ओटा

“सुट्टी म्हणजे हॉटेल!” आईने आठवडाभर एकच धोशा लावला होता. बाबांना मात्र झोपायची, रांधायची सोय असलेली मोठी गाडी भाड्याने हवी होती. “म्हणजे घरचा ओटा सोडून चाकांवरचा ओटा पुसायचा? आगीतून फुफाट्यात!” आई फणकारायची.

तरी बाबांचं मन राखायला आई गाडी बघायला आली, आणि आल्या आल्या नाक मुरडू लागली. शेगडी टीचभर, आरशात तोंड अर्धंच दिसतं. वरच्या कपाटावर डोकं आपटलं, तेव्हा तर तिला बरंच वाटलं.

“बघितलंत?”

बाबांचा चेहरा पडला. लेक कानात इअरफोनचे बोळे घालून सरळ मागच्या झोपायच्या खोलीत गेली. घरीही तिचं हेच. कॉलेजातून आली की खोलीचं दार बंद. आई जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवायची आणि रिकामं झालं की तिथूनच उचलायची.

सवयीने लेकीने इथलंही सरकतं दार ओढलं. ते हललं नाही. दोनदा हिसका दिला, तरी जागचं ढिम्म. समोर आई डोकं चोळत उभी होती. लेकीने एका कानातला बोळा काढला.

“खूप लागलं का गं?”

गाडीवाला ओशाळून पुढे आला. “दार उघडंच अडकलंय, ताई. निघायच्या आधी नीट करून देतो.”

“हात लावू नका त्याला,” आई म्हणाली. “गाडी पक्की.”