तेबाल्दोचं पहिलं प्रवचन

इटलीतल्या सिएना शहरातल्या आमच्या डॉमिनिकन मठात फादर तेबाल्दोइतका विद्वान कुणी नव्हता. धर्मशास्त्र तोच शिकवायचा, शहराची बखरही तोच लिहायचा. पण गर्दी व्हायची ती फादर लापोच्या प्रवचनाला.

"लोकांना रडवायला काय अक्कल लागते?" तेबाल्दो जळून म्हणायचा.

लापो वारला. बखरीत तेबाल्दोने त्याच्याबद्दल एक ओळही लिहिली नाही.

पुढच्या रविवारी प्रवचनाला तेबाल्दो उभा राहिला. त्याने तोंड उघडलं आणि आवाज आला तो लापोचा.

"अगं बाई, आपले फादर लापो!" पुढची म्हातारी हुंदके देऊ लागली. सगळ्यांनी डोळे मिटून घेतले. मी तेवढा बघत होतो.

तेबाल्दोने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबलं.

प्रवचन चालूच राहिलं.