वजा दहा

शमाचा बाहुला खड्ड्याच्या अलीकडं येऊन उभा राहिला तो हललाच नाही. सकाळपासून हेच.

खेळ कॉम्प्युटरवरचा, जुना. टोपीवाला बाहुला पळतो, खड्डे उड्या मारून ओलांडतो, शेवटी निशाण गाठतो. शेंबडी पोरंसुद्धा खेळतात. पण इथं बटणं दाबायला माणूस नव्हता. शमानं लिहिलेला प्रोग्राम आपला आपण खेळ शिकत होता. निशाण गाठलं की शंभर गुण, खड्ड्यात पडला की वजा दहा. दोन दिवस तो हजारदा पडला, आणि मग मुकाट काठावर उभा राहायला लागला. दुपारी एक वाजता बारामतीच्या कॉलेजात परीक्षकांसमोर तो खेळला नाही तर वर्षभराचा प्रोजेक्ट पाण्यात जाणार होता. इंदापूरच्या घरात साडेनऊ वाजले होते आणि शमाला रडू फुटायचं बाकी होतं.

"डोकंच न्हाय त्याला," मुजफ्फर म्हणाला. हा शमाचा बाप. टायरचं दुकान, त्यामुळं गाडीतलं आपल्याला सगळं कळतं ही खात्री. "तुझ्या अम्मीवानी. चार महिनं स्कूटी शिकवली, अजून गल्लीच्या भाईर न्हाय."

त्याचं शिकवणं म्हणजे काय, तर हँडल जरा वाकडं झालं की गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडायचं. स्कूटी आता दारात ताडपत्रीखाली होती.

शमाची अम्मी शबीना लसूण सोलत बसली होती. तिची नजर त्या बाहुल्यावर होती.

"पडलं की काय करतीस गं त्याला?"

"दहा गुण कापते, अम्मी."

"आन् नुस्तं हुबं ऱ्हायलं तर?"

"काहीच नाही."

"मग त्यो कशाला हलंल? हुबं ऱ्हायलं की कुणी बोलत न्हाय."

शमानं लॅपटॉप पुढं ओढला. मग तिची बोटं अशी सुटली की विचारू नका. वजा दहा पुसलं. पडला तर शून्य, पुढं सरकला तर पावलागणिक एक गुण. बाहुला भराभर पळायला लागला. पडला, उठला, परत पडला. शंभरदा पडला, दोनशेदा पडला, पण आता थांबेना. दहा वाजून पाच मिनिटांनी त्यानं काठावरून झेप घेतली आणि पलीकडं टेकला.

"आयला, गेला की," मुजफ्फरनं मांडीवर थाप मारली.

दुसरा खड्डा गेला, तिसरा गेला, निशाण आलं. शमानं अम्मीला अशी मिठी मारली की लसणाची सालं घरभर झाली. तिला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

"पण अम्मी, तुला कसं कळलं?"

शबीना सालं गोळा करायला लागली. मुजफ्फरचं हसू मात्र मावळलं. त्यानं दारातल्या ताडपत्रीकडं बघितलं.

साडेदहाची एसटी गाठायची होती. त्यानं उठून खिळ्यावरची स्कूटीची किल्ली काढली आणि शबीनाच्या पुढ्यात ठेवली.

"पोरीला स्टँडवर सोड. पडलीस तर पड," तो म्हणाला. "आजपास्नं वजा दहा बंद."