पहिल्यांदाच आलायस ना?

"कारियाकू बेटावर पहिल्यांदाच आलायस ना? मग नीट ऐकून ठेव," मिस इलमा म्हणाल्या. हॉटेल कंपनीचा तरुण साहेब त्यांच्या अंगणाची मापं घेऊन दमला होता आणि समुद्राकडे तोंड करून एका कोऱ्या पांढऱ्या चौथऱ्यावर टेकला होता.

"कुणाच्या अंगणात शिरताना आधी गुड मॉर्निंग म्हणायचं, मघाशी तू म्हणाला नाहीस. त्या खडकापलीकडे पोहायचं नाही, पाण्याला ओढ आहे. आणि कबरीवर बसायचं नाही."

तो ताडकन उठला. "कुणाची कबर?"

"माझी. तुमची माणसं जमीन बघून गेली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी गवंडी बोलावला. कबर असलेली जमीन इथं कुणी विकत नाही, नि कुणी विकू देत नाही."

साहेबाला हसू फुटलं. "अहो, पण ही तर रिकामी आहे!"

तो बसला होता ती जागा मिस इलमांनी झाडूनं स्वच्छ केली.

"भरेल की सावकाश. घाई तुला आहे, लेका. मला नाही."