करुणाचे टाके

औरंगाबादहून ऑपरेशननं डोळ्यांचे कोपरे रुंद करून आलेल्या करुणाला रविवारी पाहुणे बघायला येणार होते. डॉक्टरांनी उकळून गार केलेलं पाणी आणि मलम, एवढंच सांगितलं होतं. पण वसमतच्या कमलबाईंचा हळदीवरच विश्वास. त्या लेकीच्या टाक्यांवर रोज चिमूटभर हळद दाबत.

पाचव्या दिवशी दुपारी डाव्या कोपऱ्यातून चिकट पू गळू लागला. वास तर नासक्या अंड्यासारखा. कमलबाईंनी पदर नाकाला लावून तो कापसानं पुसला.

"आई, दवाखान्यात चल ना."

"पाहुणे तोंडावर आलेत. गावभर बोभाटा काहून करायचा?"

कापसाला एक केस चिकटून आला. पापणीचाच, पण पांढरा. मग दुसरा. तिसरा निघेना. चिमटीत धरून ओढला, तर टाक्यांमधली कातडी त्याच्याबरोबर उचलली गेली.

"दुखून राहिलं का?"

"न्हाई. गुदगुल्या होऊन राहिल्यात."

कमलबाईंनी चिमटी सैल केली. "हलू नको. डोळे गच्च मीट."

"कवाचेच मिटलेत की."

खरंच, करुणाच्या दोन्ही डोळ्यांच्या पापण्या मिटलेल्या होत्या. टाक्यांमधली ओली फट तेवढी उघडली, आणि कमलबाईंकडे बघून तिनं सावकाश उघडझाप केली.