उदाहरण क्रमांक तीनशे बारा

"जुळलं, मामा," म्हणत भाचीने वही टेबलावरून सरांकडे सरकवली.

बरोबरची खूण करायला सरांनी लाल पेन टेकवलं आणि ते तिथेच थांबलं. शेवटून दुसऱ्या ओळीत वजाचं चिन्ह होतं. त्याच्या मधोमध, घासून कागद पातळ झालेल्या जागी, एक उभी रेघ अजून पुसट दिसत होती.

"हे अधिकचं वजा कधी झालं?"

भाचीने खोडरबर उचलून पाहिलं. मग म्हणाली, "तुमचं खोडरबर काही कामाचं नाही."

"उत्तर पाहून चिन्ह बदललंस! उत्तर जुळवायला कोणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच! दोनदा सांगितलं, उत्तर वेगळं येतंय. दोनदा म्हणालात, परत बघ, तुझंच कुठेतरी चुकतंय. मग पाहिलं परत."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या चादरीची चौपदरी घडी घालून, सरांचा मुलगा गणवेशाच्या शर्टाला इस्त्री करत होता. तो शहर बसवर चालक होता, आज दुसरी पाळी होती. त्याने मान वर केली नाही.

सरांच्या सोडवलेल्या उदाहरणांच्या पुस्तकाची आठवी आवृत्ती निघत होती. मुखपृष्ठावर पहिल्यापासून एक ओळ असे : प्रत्येक उत्तर तपासलेले. तपासायची पद्धतही सरांचीच. बारावीतल्या कुणाला तरी पुढ्यात बसवायचं, नुसते प्रश्न द्यायचे, आणि आलेलं उत्तर छापील उत्तराशी ताडून पाहायचं. यंदा बारावीत भाची होती. नऊशे चाळीस उदाहरणं झाली होती, तीनशे बारावं तेवढं अडलं होतं. ते पान पाच वाजेपर्यंत छापखान्यात हवं होतं.

सरांनी कोरा कागद ओढला. वहीकडे पाहिलं नाही, पुस्तकाकडेही नाही. वक्र आणि अक्ष यांच्यामधलं क्षेत्रफळ विचारलं होतं; आधी आकृती काढली. वक्र शून्यापाशी अक्षाच्या खालून निघत होता, एकावर अक्षाला छेदून वर चढत होता आणि दोनवर प्रश्नातली हद्द संपत होती. खालचा तुकडा दोन तृतीयांश, वरचा चार तृतीयांश. खालच्या तुकड्याची किंमत वजा येते, पण क्षेत्रफळ म्हटलं की चिन्ह बदलून तीही मिळवायची. वर्गात हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की पोरं त्यांची नक्कल करताना तेच म्हणत.

दोघांची बेरीज दोन येत होती.

पुस्तकात दोन तृतीयांश होतं. पुस्तकात आकृती नव्हती. शून्यापासून दोनपर्यंत एका दमात संकलन केलं होतं, आणि खालचा तुकडा वरच्यातून गुपचूप वजा झाला होता.

सरांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला.

"दोनच ना?" भाचीने हळूच विचारलं.

"दोन."

इतकंच म्हणून त्यांनी प्रूफ उचललं आणि तपासून झालेल्या गठ्ठ्यात सारलं.

"मामा! तसंच छापणार?"

"आता बदललं की चर्चा होणार. सात आवृत्त्यांत चुकलं होतं म्हणणार. मग बाकीच्या उत्तरांवर कोण विश्वास ठेवील?" सर गठ्ठ्याच्या कडा ठोकून सारख्या करत होते. "चौदा वर्षं झाली. हजारो मुलांनी हे उदाहरण सोडवलं. एकाचंही पत्र आलं नाही. कुणाला कळलं नाही, कुणाचं काही बिघडलं नाही."

"कळलं होतं," मुलगा म्हणाला.

त्याने इस्त्री उभी करून ठेवली.

"पत्र कशाला पाठवायचं? मी इथेच बसत होतो. ही बसलीय त्याच खुर्चीत."

सरांचे हात गठ्ठ्यावरच राहिले. पहिल्या आवृत्तीच्या वेळी घरात बारावीला कोण होतं, हे त्यांना आठवायची गरज नव्हती.

"अकरा वेळा करायला लावलंत तुम्ही मला हे," मुलगा शर्ट अंगात चढवत म्हणाला. आवाजात राग नव्हता; थांब्यांची नावं सांगावीत तसं सांगत होता. "अकराही वेळा दोनच आलं."

"मला वाटलं, तू हट्टाला पेटलायस," सर म्हणाले.

"हो. तेही म्हणाला होतात."

खालून रिक्षाचा हॉर्न ऐकू आला आणि विरला. सरांनी गठ्ठा उचकटला, ते एक पान शोधून बाहेर काढलं आणि छापील उत्तरावर लाल रेघ मारली. एकदा मारून त्यांचं समाधान झालं नाही, तेव्हा पुन्हा मारली. समासात त्यांनी दोनचा आकडा लिहिला. तो वाकडा आला. पान मुलाला दिसेल असं टेबलाच्या मध्यावर ठेवून ते थांबले, वर्गात फळ्यापासून बाजूला होऊन थांबत तसे.

मुलाने पानाकडे एकदा पाहिलं आणि मान डोलावली. मग तो बटणं लावू लागला.

"पण दादा," भाचीला राहवेना, "तू का नाही रे चिन्ह बदललंस? मी तर तिसऱ्यांदाच बदललं. अकरा वेळा झाल्यावर पुढे काय केलंस?"

"पुढे काय? बाबा म्हणाले, गणित तुझं काम नाही."

त्याने बिल्ला छातीवर लावला, खिशात पेन आहे ना हे चाचपून पाहिलं.

"ते मात्र मी तपासून पाहिलं नाही. तसंच उतरवून घेतलं."