कडी

“समदं बराबर हाय, ताई. फकस्त दार उघडं करा.”

माझ्या प्रवासवहीतलं प्रत्येक चित्र त्या त्या ठिकाणच्या पाण्यानंच रंगवायचं, हा माझा नेम. म्हणून त्या दुपारी बरणीत धरणाचं पाणी होतं. काठावर शेळ्या चारणारे आजोबा शेजारी टेकले. पाण्याखाली गेलेलं आपलं घर ते सांगत गेले, मी रंगवत गेले.

“बंदच बरं दिसतंय की,” मी म्हणाले.

“गाव उठलं त्या दिशी कडी मीच घातली. दोन ट्रक व्हते. वाटलं, आय म्होरल्या ट्रकात बसली. ती देव घ्यायला परत आत गेली व्हती. रातीत पाणी चढलं.”

दाराचा तपकिरी रंग अजून ओला होता. कुंचला धरणाच्या पाण्यात बुडवून मी तो पुसून काढला, फडक्यानं टिपला. दाराच्या जागी पांढरा कागद उघडा पडला.

आजोबा वहीवर वाकले. “आये, निघ आता.”

बराच वेळ गेला. मी वही मिटू लागले, तसा त्यांनी माझा हात धरला.

“थांबा ताई. म्हातारी हाय, तिला येळ लागतो.”