निळ्या पेटीतलं दूध

“आज फेरीबोट सुटणार नाही,” धक्क्यावरची बाई म्हणाली. “वारा बघतोयस ना? घरी जा, आस्लाक.”

आस्लाक जागचा हलला नाही. त्याच्या काखेत निळी पेटी होती, पेटीत बर्फ, आणि बर्फात बायकोच्या दुधाच्या बाटल्या. फ्योर्डच्या खाडीपलीकडे, इस्पितळातल्या काचपेटीत, त्याचा मुलगा होता. दिवस भरायच्या कितीतरी आधी जन्मलेला, ओंजळीत मावेल एवढा.

“दूध न्यायचंय.”

“उद्या ने.”

“उद्या नाही चालत.”

तेवढ्यात फोन वाजला. रागना. बाळंतपणातच तिच्या फुप्फुसांना संसर्ग झाला होता. ताप हटत नव्हता, आणि खोकणाऱ्या माणसाला त्या वॉर्डाच्या दारातही उभं करत नाहीत, मग ती आई का असेना. तिने बाळाला अजून हातात घेतलं नव्हतं.

“सुटली का रे बोट?” उबळ आवरत तिने विचारलं.

“सुटली,” आस्लाकने ठोकून दिलं. त्याच्यासमोर दोरखंडांनी जखडलेली फेरीबोट धक्क्यावर दणादण आपटत होती.

“फडकं विसरू नकोस. कालच्याचा वास उडाला.”

ते फडकं म्हणजे रागनाचं निम्मं औषध. बाळाला उघड्या छातीवर घ्यायचं, मध्ये सुती फडकं ठेवायचं आणि तेच घरी आणायचं. त्याचा वास घेतल्याशिवाय तिला पान्हा फुटत नसे. पंप कितीही घुरघुरला तरी बाटलीचा तळ जेमतेम ओला व्हायचा. असं फडकं वॉर्डातल्या पुष्कळ आया मागत. पण बाळाशेजारी नुसतं ठेवलेलं फडकं रागनाला चालत नसे. “मला उबेचा वास लागतो,” हा तिचा हट्ट.

आस्लाक सरळ होल्गेरच्या होडीकडे गेला. म्हातारा होल्गेर होडीतलं पाणी उपसत होता.

“मला पलीकडे सोड.”

“मरायचंय तुला?”

“नाही.”

“मग मला मारायचंय?” होल्गेरने पेटीकडे पाहिलं. “काय आहे त्यात? बायकोचं दूध?”

“हो.”

म्हाताऱ्याने उपसायचं भांडं खाली टाकलं. मग त्याने एक सणसणीत शिवी हासडली आणि दोर सोडला.

मध्यावर एका लाटेने होडी पार आडवी केली. “टाक ती पेटी! दोन्ही हातांनी धर!” होल्गेर ओरडला. आस्लाकने पेटी टाकली नाही. तिला पोटाशी कवटाळून तो तळाशी आडवा झाला. त्याला पोहता येत होतं, पण असल्या गार पाण्यात पोहणं किती वेळ टिकतं हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. त्याला भयंकर भीती वाटत होती.

वॉर्डात मार्ते सिस्टरने निथळणारी पेटी त्याच्या हातून घेतली.

“या वाऱ्यात? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

तिने बाटल्या काढल्या, झाकणं उघडली आणि एकेक करून सगळ्या बेसिनमध्ये ओतल्या. आस्लाकने तोंड फिरवलं. रोजच फिरवायचा.

“अजून किती दिवस?” त्याने भिंतीला विचारलं.

“तिची औषधं संपेपर्यंत. दुधात उतरतात ती. एवढ्याशा जिवाला नाही पेलायची. आणि बाळाचं काही अडलेलं नाही, दूध देणाऱ्या दुसऱ्या आया आहेत आमच्याकडे.” तिने नळ सोडला. “सांगून टाक ना तिला. एक दिवस तू बुडशील अशाने.”

“नाही. ती फक्त या पंपासाठी अंथरुणातून उठते. तो थांबला की ती भिंतीकडे तोंड करून पडेल. पुन्हा वळायची नाही.”

मार्तेने सुस्कारा सोडला. “बरं. काढ शर्ट.”

पहिल्या दिवशी एवढं ऐकूनच तो थेट जिन्यापर्यंत पळाला होता. मत्स्यशेतीवर माशांच्या पिंजऱ्यांचे साखळदंड ओढून राठ झालेले हात! ते लावले तर बाळ मोडेल, असं त्याला वाटलं होतं. पण घरी रागना फडक्यासाठी ढसाढसा रडली, आणि दुसऱ्या दिवशी तो डोळे मिटून खुर्चीत बसला होता.

आज त्याने बाळाला स्वतःच उचललं. गार पडलेली छाती आधी टॉवेलने खसाखसा पुसली, मग फडकं, मग बाळ. इवलंसं हृदय त्याच्या बरगड्यांवर टकटक करत राहिलं. वारा पडला, फेरीबोट सुरू झाली, तरी त्याला उठवेना.

तो घरी पोचला तेव्हा रागना स्वयंपाकघरात घोंगडी पांघरून बसली होती. पुढ्यात पंप, शेजारी नुकतीच भरलेली बाटली.

“प्यायला?”

“सगळं. थेंबही ठेवला नाही.”

तिने फडकं नाकाशी धरलं, डोळे मिटले. “होल्गेरच्या बायकोचा फोन आला होता,” ती म्हणाली.

आस्लाक बूट सोडायला खाली वाकला. “तेवढा काही वारा नव्हता.”

“आज बराच वेळ घेतलं होतंस त्याला.”

“त्याने माझं बोट धरून ठेवलं होतं. सोडेचना.” आस्लाक हसला. किती दिवसांनी हसला होता! “उद्या पहिल्या बोटीने जातो. मी छातीवर घेतल्याशिवाय नीट झोपत नाही गं तो.”

रागनाचे डोळे भरून आले. मग टेबलाचा आधार घेत ती उठली, भरलेली बाटली उचलली आणि सिंकमध्ये उपडी केली.

“अगं, काय करतेस!” आस्लाक धावला.

“दुधाचं डॉक्टरांनी मला तुझ्या आधी सांगितलं होतं,” ती म्हणाली. “पण रिकाम्या हाताने तू त्याच्याकडे गेला असतास का?”